औषधाचं पाणी ओढ्याला मिळण्याआधी: बेंटोनाइट, काळी माती आणि जांभा वापरून अँटिबायोटिक कसं पकडायचं

आमच्या एका जर्सी गाईला पावसाळ्याच्या तोंडाला दगडी (कास सुजण्याचा रोग) झाली. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडली आणि बजावलं, औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतरही खोक्यावर लिहिलेत तेवढे दिवस हिचं दूध वेगळं काढा. मी वेगळं काढलं. चूक झाली ती बादलीत. तिचं दूध काढलेली बादली नुसती पाण्यानं खळबळून मी दुसऱ्या गाईखाली धरली आणि त्यातलंच दूध आईनं रात्री विरजलं. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. आई म्हणाली, "विरजणच मेलं रे." दूधवाल्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं: औषधाच्या दुधाला दही लागत नाही.

मला मात्र त्या दिवशी बादली खळबळलेल्या पाण्याचा विचार सुटेना. बादलीला चिकटलेला थोडासा अंश जर विरजण मारतो, तर मी मोरीत ओततो ते काय करत असेल? आमची मोरी ओढ्याला जाते, ओढा येरळेला, आणि येरळा ब्रह्मनाळला कृष्णेत. खाली सांगली. अँटिबायोटिकचा असा पातळ डोस रोज मिळत राहिला की पाण्यातले जंतू मरत नाहीत, सरावतात. मग तेच औषध माणसाला दिलं तरी लागू पडत नाही.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक आहे, घरी चार जनावरं आहेत, आणि थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, ब्रॉयलरचं शेड आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून पुढची खटपट जमली: औषधाच्या पाण्यात बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती किंवा काळी माती कालवायची, औषध तिच्यावर बसू द्यायचं आणि निवळलेलं पाणी जांभ्यातून गाळायचं. इथं लिहिलंय ते सगळं २०० लिटरच्या पिंपात होतं. पिण्याचं पाणी शुद्ध करायची ही पद्धत नाही, हे आधीच सांगतो.

आधी पाणी निवडा

पहिला नियम: औषध दाट आणि पाणी स्वच्छ असेल तिथंच पकडायचं. एकदा ते शेण, मूत्र, दूध आणि साबणात मिसळलं की मातीवरच्या जागा बाकीच्याच गोष्टी अडवून बसतात. मुताबरोबर अमोनिया आणि पोटॅश येतं, दुधाबरोबर कॅल्शियम आणि प्रथिनं. माती काही औषधासाठी जागा राखून ठेवत नाही.

म्हणून तीन वाटे करा.

पहिला वाटा पिंपात जाणारा. कोंबड्यांच्या शेडमध्ये पाण्यातून औषध देतात, ते संपल्यावर टाकीत उरलेलं पाणी आणि निपलची लाइन फ्लश केल्यावर निघालेलं पाणी. जनावरांचं औषध कालवलेली बादली धुतलेलं पाणी. डाळिंबवाल्यांच्या पंपाचं धुणंही यातच: आटपाडी-जतकडं तेल्या रोगावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण फवारलं गेलंय. केंद्र सरकारनं २०२१ च्या डिसेंबरात त्यावर बंदीचा मसुदा काढला, तरी जुन्या पुड्या अजून कुणाकुणाच्या कपाटात निघतात. त्या फवारू नका.

दुसरा वाटा औषधाच्या दुधाचा. ते पिंपात नको, मोरीत नको, वासराला तर नकोच. पाचट, भुसा असल्या कोरड्या काडीकचऱ्यात जिरवून उकिरड्याच्या मधोमध घाला, म्हणजे ढीग तापतो तिथं. तापलेल्या खतात टेट्रासायक्लिन बरंच मोडतं. एन्रोफ्लॉक्सासिनसारखी फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधं मात्र चिवट असतात.

तिसरा वाटा शेणामुताचा. जनावरानं घेतलेल्या अँटिबायोटिकचा ३० ते ९० टक्के भाग, औषधागणिक, जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणजे खरा मोठा वाटा हाच, आणि मातीचं पिंप त्यावर उपाय नाही. औषध चालू असलेल्या जनावराचं शेण वेगळं ढीग करून चांगलं कुजू द्या, ओलं शेण शेतात टाकू नका.

दादाच्या शेडवरचा हिशेब सांगतो. एन्रोफ्लॉक्सासिनचं १० टक्क्यांचं द्रावण २ लिटर पाण्याला १ मिली या मापानं पडतं, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. टाकीत २०० लिटर उरलं तर त्यात १० ग्रॅम औषध. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं आणि जगभर बोंब झाली. टाकीतलं हे पाणी त्याहून दाट. फरक एवढाच की तिथं रोज लाखो लिटर वाहत होतं आणि इथं महिन्या-दोन महिन्यांतून एक टाकी. पण ओढाही केवढासा असतो?

माती औषध धरते म्हणजे काय

वडिलांनी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा विचारलं, "मातीनं औषध धुतं व्हय रं?" धुत नाही, आबा, धरून ठेवते.

काळ्या मातीत आणि बेंटोनाइटमध्ये मुख्य खनिज एकच, माँटमोरिलोनाइट. त्याचे कण म्हणजे पत्र्यांच्या चवडी. पत्र्यांवर ऋण भार असतो, आणि तो भागवायला मधल्या फटींत सोडियम, कॅल्शियम येऊन बसलेलं असतं. पाणी शिरलं की फटी रुंदावतात. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात तेच रान फुगलेलं, ते याच फटींमुळं. धन भार असलेला औषधाचा रेणू आला की तो सोडियमला उठवून त्याच्या जागी बसतो. वरच्या पृष्ठभागाला चिकटण्याच्या या प्रकाराला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते वेगळं.

यावरून कुठलं औषध सापडेल आणि कुठलं निसटेल ते ठरतं. टेट्रासायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन ही पाण्याचा सामू (पीएच) आम्ल ते उदासीन असताना चांगली धरली जातात. एन्रोफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन घट्ट धरली जातात. स्ट्रेप्टोमायसिनवर तर पक्का धन भार, ते मातीला सोडतच नाही. सल्फा औषधं मात्र नेहमीच्या पाण्यात ऋण भाराची, माती त्यांना जवळ घेत नाही. पेनिसिलिनच्या घरातल्यांचंही तसंच, पण ती निदान पाण्यात आपोआप मोडतात. तुमच्याकडं सल्फा वापरतात का, हे बाटलीवर वाचा. वापरत असतील तर बेंटोनाइटवर पैसे घालवू नका, त्याला ॲक्टिव्हेटेड कोळसा लागतो.

सामू ९ च्या वर गेला की टेट्रासायक्लिनसुद्धा ऋण भाराचं होतं आणि निसटतं. मिल्किंग मशीन धुण्याचं सोड्याचं पाणी म्हणूनच या पिंपात येता कामा नये.

कोणतं खनिज घ्यावं

बेंटोनाइट सगळ्यात सरस, आणि आपल्या भागात ते शोधायला लागत नाही. कच्छ आणि राजस्थानातून येणाऱ्या बेंटोनाइटवर इथल्या फाउंड्र्या चालतात. साच्याची वाळू बांधायला तेच लागतं, त्यामुळं सांगली, मिरज, कोल्हापूरच्या फाउंड्री साहित्याच्या दुकानात ५० किलोची गोणी मिळते. मागताना "साधं बेंटोनाइट, कोळसा न मिसळलेलं" असं स्पष्ट सांगा, कारण तयार मिश्रणात कोळशाची पूड असते. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी मिळतं तेही चालतं, पण त्यात मीठ किंवा ग्राफाइट मिसळलेलं नको. फाउंड्रीत वापरून टाकलेली वाळू कुणी फुकट देईल, ती अजिबात घेऊ नका.

काळी माती फुकट. तिची धरण्याची ताकद चांगल्या बेंटोनाइटच्या साधारण निम्मी, म्हणून जास्त घालावी लागते. नांगरटीच्या खालच्या थरातली, दीड-दोन फुटांवरची घ्या, वरच्या थरात खतं-औषधांचे अंश असतात. चोपण जमिनीतली मात्र नको. वाळवा, मिरज, पलूसकडं पाटाच्या आणि उपशाच्या पाण्यानं जी रानं बिघडलीत त्यातली माती पाण्यात टाकली की विरघळल्यासारखी पसरते आणि चार दिवस गढूळपणा बसत नाही. मी आमच्याच ओढ्याकडेची माती घेऊन हा अनुभव घेतलाय.

जांभा वेगळ्या पद्धतीनं काम करतो. त्यात लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असतात आणि टेट्रासायक्लिन, फ्लुरोक्विनोलोन दोन्ही त्या धातूंना चिमट्यासारखी धरतात. (टेट्रासायक्लिनची गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात त्याचं कारण हेच: दुधातलं कॅल्शियम ती धरून बसते.) जांभ्याची एकूण ताकद बेंटोनाइटपेक्षा कमी, पण तो फुगत नाही, त्यातून पाणी वाहतं, म्हणून गाळणीला तोच. चिरे घडवताना पडलेला चुरा गवंड्याकडून मागा. कासला किंवा पाचगणीच्या टेबललँडला जाऊन पोतं भरून आणायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो तिथंच सोडा. त्या सड्यावरचा मातीचा पातळ थर हेच तिथल्या फुलांचं सगळं घर आहे.

झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचं नाव फार ऐकू येतं. मत्स्यशेतीच्या दुकानात पावडर मिळते आणि अमोनिया धरायला ती खरोखर चांगली. पण क्लिनोप्टिलोलाइट या नेहमीच्या झिओलाइटची भोकं एका नॅनोमीटरच्याही आतली आणि टेट्रासायक्लिनचा रेणू त्याहून लांब. दार लहान, पाहुणा मोठा. तो बाहेरच्या भिंतीवर जेवढा टेकेल तेवढाच. आपल्याकडं विहिरीला सुरुंग लावला की काळ्या दगडाच्या पोकळीत जे चकाकणारे स्फटिक निघतात, त्यात स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही झिओलाइटच असतात. ती कपाटात ठेवायला छान.

विकत घेण्याआधी माती तपासा

दुकानदार सगळ्यालाच एक नंबर म्हणतो. दोन चाचण्या घरी होतात.

पहिली फुगण्याची. १०० मिलीच्या उभ्या मापपात्रात पाणी घ्या आणि २ ग्रॅम कोरडं बेंटोनाइट चिमूट-चिमूट करत वरून भुरभुरा. दुसऱ्या दिवशी बघा. तळाचा थर २० मिलीच्या वर गेला असेल तर सोडियमचं उत्तम बेंटोनाइट. १० च्या खालीच राहिला तर कॅल्शियमचं, तेही चालतं, फक्त भिजायला आणि पसरायला आळशी.

दुसरी मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाची. फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत वाळूतली जिवंत माती (अजून बांधण्याची ताकद असलेली) मोजायला हीच चाचणी रोज होते, आपण तिचं घरगुती रूप करू. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम मिथिलिन ब्लू विरघळवा. सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर अर्धा ग्रॅम वाळवलेली, चाळलेली माती तोला आणि ५० मिली पाण्यात चांगली ढवळा. आता सिरिंजनं निळं द्रावण एकेक मिली घालत जा, प्रत्येक वेळी मिनिटभर ढवळा आणि काडीनं एक थेंब फिल्टर पेपरवर टेकवा. सुरुवातीला मधे गडद निळा ठिपका आणि भोवती स्वच्छ पाण्याचं कडं उमटतं. माती रंग धरतेय तोवर हे कडं पांढरंच राहतं. ज्या मिलीला कड्यात फिकट निळी झाक येते आणि दोन मिनिटांनी पुन्हा थेंब टेकवला तरी राहते, तिथं मातीचं पोट भरलं. चांगल्या बेंटोनाइटला साधारण २५ मिली लागतात, आमच्या रानातल्या मातीला १३ लागले. मुलतानी माती, गावची पांढरी माती, काय वाटेल ते असंच ताडून बघा. जांभ्याला ही चाचणी लावू नका. तो दुसऱ्या तऱ्हेनं धरतो, त्यामुळं इथं नापास दिसतो.

हाताला लागलेला निळा रंग दोन दिवस जात नाही. हातमोजे घाला. आणि कोरडं बेंटोनाइट हाताळताना नाकाला रुमाल बांधाच, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

पिंपातलं काम

माझा पहिला प्रयोग फसला तो सांगतो, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील. मला वाटलं, वाळूची गाळणी असते तशी बेंटोनाइटची गाळणी करू. पिंपात खडी, वर वाळू, वर चार बोटं बेंटोनाइट, वरून पाणी सोडलं. पहिली पाच मिनिटं खालून धार आली. मग थेंब. मग तेही बंद. दोन दिवस पाणी वर तसंच तट्ट उभं. शेततळ्याची गळती थांबवायला लोक जे वापरतात त्याचीच मी गाळणी केली होती! बेंटोनाइट गाळणीत कधीही नाही. ते पाण्यात कालवायचं, बसू द्यायचं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं.

लागतं ते एवढंच: २०० लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप, तळापासून वीतभर उंचीवर तोटी, ढवळायला बांबू, सामू बघायच्या पट्ट्या, तुरटी.

आदल्या रात्री माती भिजवा. ४०० ग्रॅम बेंटोनाइट, ८ लिटर पाणी. पाण्यावर माती भुरभुरायची, मातीवर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं की पिठल्यासारख्या गाठी होतात, बाहेर चिकट आणि आत कोरड्या, आणि आतली माती फुकट जाते. भुरभुरून झालं की न ढवळता सोडा. सकाळी ढवळलं की गुळगुळीत राबडी होते. काळी माती असेल तर २ किलो घ्या, ढेकळं फोडून चाळा, बादलीभर पाण्यात ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि वरचं गढूळ पाणी पिंपासाठी ओतून घ्या. तळाला राहिलेली वाळू आणि चुनखडीचे खडे काढून टाका.

हे प्रमाण लिटरला २ ग्रॅम बेंटोनाइटचं झालं. मघाच्या हिशेबातलं १० ग्रॅम औषध ४०० ग्रॅम मातीवर बसायचं तर ग्रॅमला २५ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत, ऊर्ध्वपातित पाण्यात, माँटमोरिलोनाइट टेट्रासायक्लिन ग्रॅमला शंभर मिलिग्रॅमच्याही वर धरतं. पण विहिरीच्या कठीण पाण्यात तेवढी आशा धरू नये. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या खारट पाण्याला माती दीडपट करा.

सकाळी पिंपातल्या पाण्याचा सामू बघा. ८ च्या आत असेल तर काही करू नका. वर असेल तर साधं व्हिनेगर थोडं थोडं घालून ७ च्या आसपास आणा. कठीण पाण्याला लिटरभरसुद्धा लागतं, घाबरू नका. लिंबूसत्व नको, ते स्वतःच धातूंना धरतं आणि पुढं तुरटीचं काम बिघडवतं.

राबडी ओता आणि तासभर काम: पाच मिनिटं ढवळायचं, दहा मिनिटं सोडायचं, पुन्हा ढवळायचं. बहुतेक औषध या तासातच बसतं. रात्रभर ढवळत बसण्यानं फारसं काही वाढत नाही.

मग तुरटी. सोडियम बेंटोनाइट तिच्याशिवाय बसत नाही, आठवडाभर ताकासारखं तरंगत राहतं. किती तुरटी हे अंदाजानं ठरवू नका. १० ग्रॅम तुरटी लिटरभर पाण्यात विरघळवा. लिटरच्या चार बाटल्या पिंपातल्या पाण्यानं भरा, त्यात हे द्रावण ५, १०, १५ आणि २० मिली घाला, आधी जोरात मग हळू हलवा आणि अर्धा तास ठेवा. ज्या बाटलीत सगळ्यात कमी तुरटीत कापसासारखे पुंजके होऊन वरचं पाणी निवळलं तेच प्रमाण. १० मिलीची बाटली जिंकली तर पिंपाला २० ग्रॅम तुरटी, २० मिलीची जिंकली तर ४०. ती गरम पाण्यात विरघळवून घाला, दोन मिनिटं जोरात आणि पुढं दहा मिनिटं अगदी हळू ढवळा. जोरात ढवळत राहिलात तर झालेले पुंजके फुटतात. तुरटीतलं ॲल्युमिनियमही थोडं औषध धरतं, तो वरचा फायदा.

रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तोटीतून निवळ पाणी काढा. तोटीच्या खालचं गाळाचं पाणी वेगळं.

जांभ्याची गाळणी

निवळ पाणी दुसऱ्या पिंपातून जाऊ द्या. तळाला चार बोटं खडी, वर २ ते ५ मिलिमीटरचा जांभ्याचा चुरा फूटभर, वर वीतभर धुतलेली वाळू. जांभा आधी लाल पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. याला पाऊण तास लागतो आणि कंटाळा येतो, पण नाही धुतला तर वाळू चोंदते.

वेग महत्त्वाचा. फूटभर जांभ्याच्या पोकळ्यांत अंदाजे ३५ लिटर पाणी मावतं. मिनिटाला एक लिटर सोडलं तर पाण्याला जांभ्यात अर्ध्या तासाच्या वर मुक्काम मिळतो. खालच्या तोटीखाली लिटरचं माप धरून घड्याळ लावा आणि तोटी बसवा. शेणाचं किंवा साबणाचं पाणी यात आलं तर त्यातलं फॉस्फेट जांभ्यावरच्या जागा पटकावतं, म्हणून पुन्हा तेच: पाणी निवडा.

काम झालं का, हे कसं कळणार

डोळ्यांना कळत नाही. निवळ दिसणं आणि औषध जाणं या वेगळ्या गोष्टी.

एक करा: पहिल्या वेळेला खऱ्या पाण्याऐवजी मापाचं पाणी तयार करा. जनावरांच्या ऑक्सिटेट्रासायक्लिन इंजेक्शनच्या बाटलीवर मिलीला ५० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर तळाला उरलेलं २ मिली ५ लिटर पाण्यात घाला. लिटरला २० मिलिग्रॅम झालं. त्यातलं निम्मं बाजूला ठेवा, निम्म्यावर वरची सगळी कृती छोट्या मापानं करा. तिसरं भांडं नुसत्या पाण्याचं, त्यावरही माती-तुरटीची तीच कृती.

आता अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. टेट्रासायक्लिनचं पाणी पिवळसर हिरवं उजळतं, माती मारलेलं विझल्यासारखं दिसतं. गोठ्यातल्या खऱ्या पाण्यावर हा टॉर्च मारून फसू नका. कपड्याच्या पावडरीतला चमक आणणारा पदार्थही निळा उजळतो.

दुसरी परीक्षा आईची. तापवून कोमट केलेलं दीडशे-दीडशे मिली दूध तीन वाट्यांत, एकेका वाटीत एकेका भांड्यातलं पन्नास मिली पाणी, आणि एकाच दह्याचं एकेक चमचा विरजण. वाट्यांना खुणा करा. आमच्याकडं सकाळी नुसत्या पाण्याच्या वाटीत दही लागलं होतं, औषधाच्या वाटीत दूधच होतं, आणि माती मारलेल्या वाटीत थोडं सैल पण दही होतं. तिन्ही वाट्या उकिरड्यात. चव कुणीही बघायची नाही, मांजरालाही नाही.

या दोन्ही परीक्षा मिलिग्रॅमच्या मापातल्या. जंतूंना सराव होऊ नये म्हणून टेट्रासायक्लिनची जी मर्यादा संशोधकांनी सुचवलीय ती लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे टॉर्चला दिसतं त्याच्या कैक पटींनी खाली. कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो, त्यावर ३५७ नॅनोमीटरला टेट्रासायक्लिन मोजता येतं. तोही मायक्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही, पण ९० टक्के गेलं की ६० टक्के, हे नीट सांगतो. विज्ञान शाखेच्या मुलांना प्रकल्पाला विषय हवाच असतो.

आणि पाण्यात आधीच सरावलेले जंतू असतील तर ते माती-तुरटीनं काही प्रमाणात खाली बसतात, मरत नाहीत. म्हणून बाहेर आलेलं पाणी शोषखड्ड्यात किंवा बांधावरच्या झाडांना. भाजीला नको, जनावरांच्या हौदात नको.

गाळाचं काय करायचं

सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात. औषध नाहीसं झालेलं नाही, ते मातीवर बसलंय. तोच गाळ बांधावर फेकला आणि वरून सोड्याचं किंवा खारट पाणी गेलं तर त्यातलं काही पुन्हा सुटतं. ब्लीचिंग पावडर ओतून मोकळं व्हा, असा सल्ला मला मिळाला होता. क्लोरिननं रेणूचे तुकडे होतात, ते तुकडे निरुपद्रवी असतातच असं नाही.

गाळ उथळ घमेल्यात, पातळ थरात, उन्हात वाळवा. ऊन टेट्रासायक्लिन आणि फ्लुरोक्विनोलोन दोन्हींना थोडंफार मोडतं, पण फक्त वरवरच्या थरात. पावसाळ्यात पत्र्याखाली, ताडपत्रीवर. कोंबड्या-शेळ्या फिरकणार नाहीत अशी जागा बघा. वाळलेल्या खपल्या गोणीत भरून ठेवा. पिंपामागं अर्धा किलोच निघतो, सहा महिन्यांत एक गोणीही भरत नाही. वर्षातून एकदा जांभ्याचा चुरा बदलला की तोही असाच, वेगळ्या गोण्यांत.

आणि मग वीटभट्टी. कृष्णाकाठी ती शोधायला लागत नाही. भट्टीत विटा ८०० अंशांच्या वर भाजतात, टेट्रासायक्लिन त्याच्या पाव तापमानालाच मोडून जातं. फक्त बेंटोनाइट वाळताना आखडतं, म्हणून ते जास्त पडलं तर विटांना भेगा जातात, आणि हे भट्टीवाल्याला आधीच सांगायला हवं. आमच्या ओळखीच्या मामांनी गोणी हातात तोलून बघितली, "एवढंच व्हय?" म्हणाले आणि एका मोठ्या गाऱ्याच्या ढिगात दोन-दोन पाट्या टाकून तुडवून घेतली. दिवाळीनंतर आम्ही गव्हाण नवी बांधली ती त्यांच्याच विटांची. त्यातल्या आमच्या कुठल्या, ते ओळखता येत नाही.